बरं वाटणं आणि बरं होणं

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमात 'वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक' नावाचा एक हुद्दा असतो. नाव भारदस्त आहे, पण काम एका वाक्यात सांगता येतं. ज्यांना क्षयाची औषधं सुरू झाली, त्यांची औषधं शेवटपर्यंत सुरू राहतील एवढं पाहायचं. त्यासाठी एक मोटारसायकल मिळते, एक नोंदवही मिळते आणि वर्षाच्या वर्षाला नवा करार मिळतो. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मी २००५ सालापासून हे काम करतो आहे.

गावात मला 'टीबीवाले साहेब' म्हणतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकलो. मोटारसायकल रुग्णाच्या दारात लावायची नाही. ती मारुतीच्या देवळापाशी लावायची, पारावर बसलेल्यांना रामराम करायचा आणि चालत जायचं. तेसुद्धा वाटेत दुसऱ्या दोन घरी डोकावून. कारण माझी गाडी ज्या दारात थांबते, त्या घरातल्या मुलीचं लग्न लांबतं.

क्षय बरा होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. भिंतीभिंतीवर आम्ही ते लिहून ठेवलंय. पण तो कसा बरा होतो, हे नीट ठाऊक नसतं, आणि सगळी गडबड तिथेच होते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं. ही औषधं इतकी जोरकस आहेत की भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. लघवी तेवढी तांबडी होते, ती रिफाम्पिसिन नावाच्या गोळीमुळे; पहिल्यांदा माणूस घाबरतो, मग सवय होते. दोन महिन्यांनी रुग्ण म्हणतो, "साहेब, बरं वाटतंय."

आणि त्याला खरोखरच बरं वाटत असतं. पण फुप्फुसात काही जंतू झोपल्यासारखे पडून असतात. ते सावकाश मरतात. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने असतात. बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यामध्ये हे चार महिन्यांचं अंतर आहे. माझी सगळी नोकरी त्या अंतरातली आहे.

हे अंतर कसं पार करायचं, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनिटोरियम. मिरज, पाचगणी ही नावं आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात यायची ती त्यासाठीच. चांगली हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती. पण लाखो रुग्णांना पुरतील एवढ्या खाटा देशात कधीच नव्हत्या. मग १९५६ साली मद्रासला एक केंद्र सुरू झालं आणि तिथे एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. दीडशेहून अधिक गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला घरीच औषधं दिली. औषधं दोन्हीकडे सारखीच. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्या केंद्राचे प्रमुख होते. वर्षानंतर पाहिलं तर दाटीच्या घरांत राहणारे, अपुरं खाणारे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते. घरच्या माणसांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरात सॅनिटोरियमची गरज संपत गेली.

ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात अभिमानानं सांगतात, आणि ती अभिमानाचीच आहे. पण तिची दुसरी बाजू मला कामावर आल्यावर कळली. सॅनिटोरियमला भिंती होत्या. रोज सकाळी गोळ्या घेऊन येणारी नर्स होती. औषध घरी आलं तेव्हा भिंती गेल्या आणि नर्सही गेली. मग त्या भिंतींच्या जागी कुणीतरी माणूस उभा करावा लागतो. मद्रासलाही रुग्णांच्या घरी भेटी देणारी माणसं होतीच. आमच्या काळात 'डॉट्स' आलं. आपल्या देशात ते १९९७ पासून पसरत गेलं आणि मार्च २००६ मध्ये देशभर पोचलं. त्याचा अर्थ एवढाच, की गोळी रुग्णानं कुणाच्यातरी डोळ्यांदेखत गिळायची. हा 'कुणीतरी' म्हणजे अंगणवाडीताई, किराणा दुकानदार, शाळेचा शिपाई, कधी बरा झालेला जुना रुग्ण. त्या वेळी एका रुग्णाचा पूर्ण उपचार करून घेतला की त्याला अडीचशे रुपये मिळत. सहा महिन्यांचे अडीचशे.

प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा वेगळा डबा असायचा. नव्या रुग्णाचा लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. पहिल्या दिवशीच सहा महिन्यांची सगळी औषधं त्या डब्यात भरलेली असत, म्हणजे मध्येच साठा संपला म्हणून कुणाचा उपचार थांबायला नको. केंद्रातल्या लोखंडी कपाटात असे नावांचे डबे रांगेनं लावलेले असत.

आता आमच्या भागाचं दिनमान सांगतो. आमच्याकडे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, दसऱ्याला सुरू होतं. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आमच्या भाषेत एक कोयता, ऊसतोडीला निघते. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, खाली कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची असते. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. सहा महिने गावात, सहा महिने फडात. उपचारही सहा महिन्यांचा. म्हणजे पावसाळ्यात ज्याचा रोग सापडला, त्याचा दसरा बरोबर त्या मधल्या अंतरात येतो.

२००८ सालची गोष्ट. ऑगस्टमध्ये एक रुग्ण सापडला. वय तिशीच्या आत-बाहेर, नाव सांगत नाही. दोन महिने तो नेमानं केंद्रात आला. आठवड्यातून तीन दिवस, एकूण चोवीस डोस, एकही चुकला नाही. वजन चार किलोनं वाढलं. दोन महिन्यांनी तपासणी केली, जंतू दिसले नाहीत. तो खूश, मीही खूश. तो म्हणाला, "साहेब, आता काहीच होईना मला. भूक लागायली. ऊस तोडू शकतो मी. गाडी यायली आमची."

मी त्याला समजावलं. पुढचे चार महिने का, ते सांगितलं. त्यानं मान डोलावली. ज्या तालुक्यात तो जाणार तिथल्या केंद्राच्या नावानं बदलीचा फॉर्म भरायचा, डबा त्याच्याबरोबर द्यायचा आणि तिथल्या पर्यवेक्षकाला फोन करायचा, अशी रीत होती. त्या आठवड्यात माझी मासिक अहवालाची घाई होती. गाडी दिवाळीच्या तोंडावर येईल असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, सोमवारी ये, सगळं करून देतो. गाडी शनिवारी रात्रीच आली. सोमवारी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि म्हातारी आई शेजारच्या ओट्यावर बसली होती. कोणता कारखाना, हे तिला माहीत नव्हतं. मुकादमाचा फोन लागला नाही. मी दोनदा लावला, चारदा लावला, मग इतर कामं आली.

दोन महिने औषध थांबलं की नोंदवहीत त्या काळी एक शब्द लिहायचा असे, 'डिफॉल्टर'. म्हणजे बुडवणारा. कर्ज बुडवणाऱ्याला वापरतात तोच शब्द. मी तो त्याच्या नावापुढे लिहिला. लिहिताना मला काही वाटलं नाही. कपाटात त्याचा लाल डबा अर्धा भरलेला होता.

एप्रिलमध्ये तो परत आला तो खोकतच. वाढलेलं वजन गेलं होतं, वर आणखी तीन किलो गेलं होतं. निळा डबा सुरू केला. आठ महिन्यांचा उपचार, पहिल्या दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शनं. या वेळी त्यानं एकही डोस चुकवला नाही, ऊसतोडीलाही गेला नाही. पण पाचव्या महिन्यातही जंतू दिसतच होते. औषधाला न जुमानणारा क्षय ओळखण्याची सोय तेव्हा राज्यात नुकतीच सुरू होत होती, आमच्यापर्यंत ती पोचली नव्हती. २०१० च्या पावसाळ्यात तो गेला. निळ्या डब्याची ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे २०१७ साली मोडीत काढली. जुन्याच औषधांत एका औषधाची भर घालून हट्टी जंतू हटत नाहीत, हे मान्य झालं. पण ते झालं सात वर्षांनी.

मी त्या नोंदवहीकडे पुष्कळदा पाहिलंय. बुडवलं कुणी? फॉर्म सोमवारवर ढकलणारा मी होतो. 'डिफॉल्टर' हा शब्द पुढे २०१३ मध्ये जागतिक व्याख्यांमधून काढून टाकला. आता 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द वापरतात. ऐकायला तो किरकोळ बदल वाटतो. मला तो किरकोळ वाटत नाही. त्यात निदान पाठपुरावा करणाराही दिसतो.

या कामातल्या आणखी एका माणसाबद्दल बोलायला हवं, तो म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञ. तो कुणाच्या भाषणात येत नाही. आम्ही फलकांवर 'थुंकी तपासणी' असं लिहितो, पण क्षयाचे जंतू थुंकीत सापडत नाहीत, बेडक्यात सापडतात. रात्रभर छातीत साठलेला सकाळचा बेडका हवा. लोक, विशेषतः बायका, संकोचानं डबीत थोडी लाळ देतात आणि तपासणी कोरी येते. आमच्या केंद्रातला तंत्रज्ञ प्रत्येकाला अंगणात, मोकळ्या हवेत नेऊन खोल श्वास कसा घ्यायचा आणि खाकरून कसं काढायचं हे स्वतः करून दाखवायचा. बायकांसाठी त्यानं मागच्या बाजूला चटईचा आडोसा केला होता. मग काचपट्टी, लाल रंग, खालून उष्णता, वरून आम्ल, शेवटी निळा रंग. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की क्षय. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे ठेवला, तेव्हापासून काचपट्टी रंगवून तो पाहण्याची पद्धत मुळात तीच. काही दिसलं नाही तर एका काचपट्टीचे शंभर भाग पाहायचे असतात, तेव्हा कुठे 'नाही' असं लिहायचं. दिवसाच्या विसाव्या काचपट्टीचा शंभरावा भाग पाहताना डोळे काय म्हणत असतील, याचा विचार करा.

आता जनुकीय तपासणीची यंत्रं आली आहेत. सूक्ष्मदर्शकाला दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू लागतात. यंत्राला शे-दीडशे पुरतात. आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देईल की नाही हेही ते दोन तासांत सांगतं. २००९ च्या एप्रिलमध्ये ते यंत्र आमच्याकडे असतं तर, असं मनात येतं. हट्टी क्षयाला तेव्हा दोन-दोन वर्षं औषधं आणि कित्येक महिने इंजेक्शनं लागत. बेडाक्विलीन आणि त्याच्या जोडीची तीन औषधं मिळून सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार आपल्याकडे २०२४ साली मंजूर झाला.

पण यंत्राला बेडका आणून द्यावा लागतो, आणि गोळी कुणीतरी फडापर्यंत न्यावी लागते. त्याची दुसरी गोष्ट सांगतो.

त्या गेलेल्या रुग्णाची बायको भावाच्या जोडीला कोयता लावून ऊसतोडीला जात राहिली. २०१४ च्या गणपतीनंतर तिचा खोकला थांबेना. तपासणीत जंतू सापडले. लाल डबा सुरू झाला तेव्हा दसरा तीन आठवड्यांवर होता. ती म्हणाली, "भाऊ, उचल घेतलीया. न जाऊन भागत नाही." या वेळी मी जाऊ नको म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी मुकादमाच्या घरी गेलो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्ही उचल देता तेव्हा माणूस सहा महिने उभा राहील या भरवशावर देता ना? मग हा डबा तुमच्या उचलीचा विमा समजा." तो हसला, पण डबा त्यानं घेतला. कारखान्याचं नाव, गट, दोन फोन नंबर, सगळं मी कागदावर उतरवून घेतलं आणि तिथूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या पर्यवेक्षकाला फोन लावला.

पुढचं काम तिथल्या एका आशाताईनं केलं. तिला मी कधी पाहिलेलं नाही, फक्त फोनवर बोललोय. ऊसतोड मजूर पहाटे चारला फडात जातात, त्यामुळे दिवसा कोप्यांवर गेलं तर पोरं आणि कुत्री तेवढी भेटतात. ही बाई स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून रात्री आठला जायची. पहिल्या दिवशी टोळीत जाऊन 'टीबीची बाई कोण' असं विचारलं नाही तिनं. 'लहान पोरांचे पोलिओचे डोस राहिलेत का बघायला आलेय' म्हणाली, सगळ्या कोप्यांमधून फिरली आणि बरोबर त्या कोपीत बसली. मग आठवड्यातून तीनदा, चुलीच्या उजेडात, तिच्यासमोर गोळ्या. टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात हलली तेव्हा तिनं पुढच्या गावच्या आशेला निरोप दिला. मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून डबाही पुढे गेला. मार्चमध्ये माझ्याकडे फोन आला, "सर, तुमच्या बाईचा शेवटचा डोस झाला. रिपोर्ट कोरा आहे." तो दिवस मला आठवतो. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

मंडळी, त्यानंतर पुष्कळ बदललं. २०१७ पासून औषध दिवसाआड न राहता रोजचं झालं, वजनानुसार गोळ्या ठरू लागल्या. रुग्णाला 'निक्षय'चा क्रमांक मिळतो, तो घेऊन देशात कुठेही औषध घेता येतं. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. पोषणाचं महत्त्व आता नुसतं सांगण्यापुरतं राहिलेलं नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी दोन हजार आठशे रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं घेऊन अभ्यास केला. घरच्यांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये ते छापून आलं. शिधा ही क्षयाची लस म्हणायला हरकत नाही.

देशातून २०२५ पर्यंत क्षय हटवायचं लक्ष्य २०१८ साली जाहीर झालं होतं. ते गाठता आलं नाही. पण काहीच झालं नाही, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाख लोकांमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होत होते, २०२४ मध्ये ते १८७ झाले. घट एकवीस टक्क्यांची आहे, आणि ठरवली होती ऐंशी टक्क्यांची. हे आकडे पाहून कुणी हुरळून जाऊ नये आणि कुणी हातही टेकू नयेत.

मला आमच्या डोंगरातून जे दिसतं ते एवढंच सांगतो. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची शोधमोहीम सुरू झाली. चांगली मोहीम होती, हातात धरून नेता येतील अशी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरली. पण ऊसतोड मजुरांच्या गावांत डिसेंबर ते मार्च या काळात असतं कोण? म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. ज्यांच्या छातीचा फोटो काढायला हवा, ते फडात असतात. 'टीबीमुक्त पंचायत' ठरवताना हजार लोकांमागे निदान तीस जणांची तपासणी झालेली असावी लागते, हा नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर न शोधणारं गाव सर्वांत निरोगी ठरेल. पण तपासणी गावाची करायची तर गाव जिथे गेलंय तिथे जायला हवं. शोध एकतर दसऱ्याआधी घ्यावा, नाहीतर कोप्यांवर जाऊन घ्यावा.

ही गोष्ट मला कुठल्या बैठकीत सुचली नाही. त्या बाईनं शिकवली. ती अजून ऊसतोडीला जाते. दरवर्षी घटस्थापनेच्या सुमारास तिचा फोन येतो. "भाऊ, औंदा आमच्या टोळीत दोघं खोकायलेत. गाडी यायच्या आधी येऊन जा." मी जातो. गाडी मारुतीपाशी लावतो आणि बेडक्याच्या डब्या पिशवीत घालून चालत निघतो. आता सोमवारची वाट पाहत नाही.

तुम्हा ऐकणाऱ्यांकडून मला फार काही नको. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा, हे तर आम्ही नेहमीच सांगतो. आज त्यात एकच भर घालतो. तुमच्या घरात, शेतात, कारखान्यात औषध घेणारं कुणी "आता मला बरं वाटतंय" असं म्हणालं, तर आनंद माना, आणि लगेच विचारा, "किती महिने झाले?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)